दुष्काळाला कायदा, हवामान बदलाला आराखडा



हवामान बदल म्हटलं की आपण लगेच हिमनद्या, पॅरिसचा करार, अमेरिकेनं काय केलं, चीन काय करतोय, इथपर्यंत जाऊन पोचतो. आज आपण इतक्या लांब जाणार नाही. आचोळ्याहून निघू, मुंबईच्या विधान भवनापर्यंत जाऊ आणि परत येऊ. मध्ये एकदाच, थोड्या वेळापुरतं, स्कॉटलंडला जावं लागेल. प्रश्न साधा आहे. राज्याच्या सभागृहात पाऊस, पूर, दुष्काळ यांवर चर्चा होते तेव्हा त्या चर्चेतून सरकारवर नेमकं काय बंधन येतं?

आधी सभागृहाची रीत पाहू. आमदाराच्या हाती तारांकित प्रश्न असतो, लक्षवेधी सूचना असते, अर्ध्या तासाची चर्चा असते. विधानसभेत नियम २९३ खाली आणि परिषदेत नियम २६० खाली सविस्तर चर्चा मागता येते. नैसर्गिक आपत्तीवरच्या मोठ्या चर्चा बहुतेक याच वाटेनं येतात. पावसाळी अधिवेशन मुंबईला, हिवाळी नागपूरला. पायऱ्यांवर फलक, गळ्यात कापसाच्या माळा, ‘ओला दुष्काळ जाहीर करा’ अशा घोषणा, हे सगळं आपण दूरदर्शन संचावर वर्षानुवर्षं पाहत आलो आहोत. आत चर्चा कशाची होते? पंचनामे झाले का. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर गेलं का, कारण त्याखाली मदतीचा निकष लागत नाही. हेक्टरी किती, दोन हेक्टरांपर्यंत की तीन. सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीनं मराठवाड्यातली शेतं मातीसकट खरवडून नेली आणि ऑक्टोबरात सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. आकडा मोठा होता. पुरेसा होता का, यावर वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता.

पण ही सगळी भाषा मदतीची आहे. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे इथं एक भेद केल्यावाचून आमच्यानं राहवत नाही. कांटनं कर्तव्याचे दोन प्रकार सांगितले: पूर्ण आणि अपूर्ण. घेतलेलं कर्ज फेडणं हे पूर्ण कर्तव्य. किती द्यायचं, कुणाला द्यायचं, कधी द्यायचं, सगळं ठरलेलं असतं, आणि न दिल्यास समोरचा माणूस दारात येऊन उभा राहू शकतो. दानधर्म हे अपूर्ण कर्तव्य. करायला हवं हे खरं, पण किती आणि कुणाला हे देणारा ठरवतो, आणि ‘माझा वाटा कुठंय?’ असं कुणी हक्कानं विचारू शकत नाही. आपत्तीनंतरचं पॅकेज हे दुसऱ्या प्रकारात मोडतं, मग ते कितीही कोटींचं असो.

आता याच विधिमंडळानं एकदा अपूर्ण कर्तव्याचं पूर्ण कर्तव्य करून दाखवलं होतं, ती गोष्ट सांगतो. ती जरा सविस्तर सांगतो, कारण तिचा विसर फार लवकर पडला.

१९७२ चा दुष्काळ इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. सुकडी, मिलो ज्वारी, रस्त्याकडेला खडी फोडणाऱ्या बायकांच्या रांगा. मे १९७३ च्या सुमारास राज्यात ५० लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. एवढ्या लोकांना कामावर घेण्याचं धाडस सरकारला कुठून आलं? एक कारण असं की कल्पना आधीच करून पाहिलेली होती. वि. स. पागे यांच्या प्रेरणेनं सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात, १९६५ मध्ये लहान प्रमाणावर हा प्रयोग झाला होता. जो काम मागेल त्याला काम. पागे त्या वेळी विधान परिषदेचे सभापती होते. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं ते त्या खुर्चीवर होते. सभापतीनं वादात पडायचं नसतं. पण ज्याला बोलता येत नाही त्यानं लिहायचं आणि करून दाखवायचं असतं, हे पागे यांच्याकडून शिकावं.

दुष्काळ सरला. साधारणपणे इथं गोष्ट संपते. पाऊस पडला की सभागृहाचं लक्ष दुसरीकडे जातं. या वेळी तसं झालं नाही. विरोधी पक्षांनी, डाव्या कामगार-शेतमजूर संघटनांनी, महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या स्त्रियांनी विषय जिवंत ठेवला. १९७७ मध्ये रोजगार हमीचा अधिनियम दोन्ही सभागृहांत एकमतानं मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. ग्रामीण भागातल्या प्रौढ व्यक्तीनं अंगमेहनतीचं काम मागितलं तर १५ दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेकार भत्ता. किती, कुणाला, कधी, तिन्हींची उत्तरं कायद्यात लिहिलेली. कांट असता तर त्यानं मान डोलावली असती.

आणि पैसा? तो कुठून आणायचा हे कायद्याच्याही आधी ठरलं होतं. १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. आपल्यापैकी जे नोकरी करतात त्यांच्या पगाराच्या पावतीवर दरमहा २०० रुपये कापलेले दिसतात आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २५००. तो कर मुळात रोजगार हमीसाठी लावलेला. त्यातून जेवढं येईल तेवढीच भर राज्यानं आपल्या तिजोरीतून घालायची, असं ठरलं. म्हणजे नालासोपाऱ्याहून सकाळची विरार लोकल पकडून चर्चगेटला जाणारा कारकून आणि मंगळवेढ्याची शेतमजूर बाई यांना विधिमंडळानं एका कायद्यानं जोडलं.

या कायद्याचं गुणगान करताना डोळे मिटायला नकोत. बोगस हजेरीपट झाले. बेकार भत्ता क्वचितच कुणाच्या हाती पडला. अर्धवट रस्ते आणि पहिल्याच पावसात फुटलेले बांध यांनी कितीतरी गावं भरली. तरी त्यातच पाझर तलाव झाले, नालाबंडिंग झालं, १९९० पासून रोजगार हमीशी जोडून फळबागा लागल्या. आज तज्ज्ञ ज्याला हवामान बदलाशी ‘अनुकूलन’ म्हणतात ते काम महाराष्ट्रात हा शब्द यायच्या आधीपासून सुरू होतं. २००५ मध्ये केंद्रानं ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा कित्ता समोर होता. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे काम मिळालं नाही की मोर्चा नेमका कुणाच्या दारी न्यायचा हे लोकांना ठाऊक झालं. तहसीलदाराच्या. सभागृहात प्रश्न नेमका काय विचारायचा हे आमदाराला ठाऊक झालं. अमुक तालुक्यात किती जणांनी काम मागितलं आणि किती जणांना मिळालं?

आता हवामान बदलाकडे या. २०१० च्या सुमारास राज्य शासनानं टेरी या संस्थेकडे अभ्यास सोपवला. त्यातून राज्याचा अनुकूलन कृती आराखडा तयार झाला, त्याचा अहवाल २०१४ मध्ये आला. देशात असा विचार लवकर करणाऱ्या राज्यांत आपण होतो, हे मान्य केलं पाहिजे. २०१७ मध्ये मंत्रिमंडळानं धोरण स्वीकारलं. २०२० मध्ये पर्यावरण विभागाच्या नावात ‘वातावरणीय बदल’ हे शब्द जोडले गेले आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झालं. पंचमहाभूतांवर आधारलेलं. नगरपालिकांना, ग्रामपंचायतींना गुण द्यायचे, बक्षिसं द्यायची. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेचा वातावरण कृती आराखडा आला.

या यादीत एक गोष्ट नाही. अधिनियम नाही. सगळं शासन निर्णयांनी, आराखड्यांनी, अभियानांनी चाललं आहे. शासन निर्णय वाईट नसतो, राज्यकारभार त्यावरच चालतो. पण एका दुपारी काढलेला जीआर दुसऱ्या दुपारी दुसरा जीआर काढून बाजूला सारता येतो, आणि त्यासाठी सभागृहात उभं राहून कुणाला काही सांगावं लागत नाही. शेती, पाणी, जमीन, सार्वजनिक आरोग्य, स्थानिक स्वराज्य संस्था हे सगळे राज्यसूचीतले विषय. तेव्हा ‘हे केंद्राचं काम’ असं म्हणायलाही फारशी जागा नाही.

आता स्कॉटलंड. वस्ती ५५ लाखांच्या घरात, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढी. तोही एका मोठ्या राज्यातला प्रांत आणि त्याचंही प्रांतिक विधिमंडळ. २००९ मध्ये त्यांनी हवामान बदलाचा कायदा एकमतानं केला. पुढे २०१९ मध्ये तो आणखी कडक केला आणि २०३० पर्यंत उत्सर्जनात ७५ टक्के घट असं उद्दिष्ट कायद्यात लिहिलं. ते जमलं नाही. एप्रिल २०२४ मध्ये सरकारला सभागृहात उभं राहून सांगावं लागलं की हे उद्दिष्ट गाठता येणार नाही. ग्रीन पक्षाशी असलेली युती मोडली, त्या महिन्याच्या अखेरीस प्रथम मंत्री हमजा युसुफ यांनी राजीनामा जाहीर केला. कायदा असून उद्दिष्ट हुकलं, मग कायद्याचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. आमच्या मते उपयोग हाच, की हुकलं हे लपवता आलं नाही. आराखडा हुकला तर तो नुसताच जुना होतो. पुढच्या वर्षी नवं मुखपृष्ठ येतं.

आता परत येऊ. येताना विधान भवनापाशी एक क्षण थांबू, कारण ती वास्तू उभी आहे तो सगळा भाग समुद्रात भरणी करून मिळवलेला आहे. १९२० च्या दशकात गव्हर्नर लॉइडच्या काळात बॅकबेच्या भरणीची योजना फसली, काढलेला गाळ भिंतीतून पुन्हा समुद्रात जाऊ लागला, खर्च वाढत गेला. तेव्हा मुंबईच्या कायदेमंडळात आणि बाहेर वीर नरिमन यांनी हिशेब मागून सरकारला हैराण केलं. बदनामीचा खटला अंगावर घेतला आणि त्यातून सुटलेही. त्या कौन्सिलला आजच्या विधानसभेच्या मानानं अधिकार किती तोकडे होते! तरी प्रश्न नेमका असला की तोकडे अधिकारही पुरतात.

भरणीवरून आपण थेट आपल्या गावात येतो. वसई पट्ट्यात पाणी कुठं जायचं हे जुन्या माणसांना ठाऊक होतं. भातखाचरं, खाजण, मिठागरं आणि पश्चिमेकडच्या वाड्यांतली बावखलं. बावखलात पावसाचं पाणी साठायचं, मुरायचं, विहिरी गोड राहायच्या. १९८० च्या दशकाअखेरीस हा हिरवा पट्टा बांधकामाला खुला होऊ लागला आणि विहिरींचं पाणी टँकरनं इमारतींकडे जाऊ लागलं, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीनं लढा उभारला. तेव्हा ‘हवामान बदल’ हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. लढा पाण्याचा होता. पुढे २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची वस्ती १२ लाखांवर गेली. जुलै २०१८ मध्ये नालासोपारा स्थानकातले रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या, वसईच्या मिठागरातल्या वस्तीत माणसं अडकून पडली. मग नीरी आणि आयआयटीच्या तज्ज्ञांकडून अभ्यास झाला. त्यांनी सांगितलेल्या उपायांत एक होता धारण तलाव. पावसाचं पाणी थांबायला जागा. म्हणजे जे बुजवलं होतं तेच, आता तांत्रिक नावानं.

आणि इथं आमच्या युक्तिवादाला आचोळ्यातच अडथळा येतो, तो टाळून पुढं जाणं बरं नाही. याच आचोळ्यात अग्रवाल नगरीच्या परिसरात ४१ इमारती उभ्या राहिल्या, त्या सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी आरक्षित असलेल्या जमिनीवर. उच्च न्यायालयाच्या आदेशानं त्या पाडल्या गेल्या. पाडकाम फेब्रुवारी २०२५ पर्यंत चाललं. दोन हजारांहून अधिक कुटुंबं रस्त्यावर आली. ते आरक्षण काही जीआरनं आलेलं नव्हतं. त्यामागं १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम होता, याच विधिमंडळानं केलेला. कायदा होता. मग काय झालं?

आम्हाला वाटतं, उत्तर त्या पूर्ण-अपूर्ण कर्तव्याच्या भेदातच आहे. रोजगार हमीच्या कायद्यानं एका माणसाला हक्क दिला. म्हणून कायदा मोडला की ओरडणारं कुणीतरी होतं. आरक्षणानं हक्क दिला तो भूखंडाला. भूखंडाला तोंड नसतं, वारस नसतो. त्या केंद्रात ज्यांचं सांडपाणी स्वच्छ होणार होतं ते लोक आचोळ्यात आणि आसपास राहत होते, पण ‘माझं केंद्र कुठंय?’ असं तहसीलदाराला विचारण्याचा मार्ग कायद्यानं त्यांना आखून दिला नव्हता. दरवर्षी सभागृहाच्या पटलावर आरक्षित भूखंडांचा हिशेब ठेवायचं बंधनही नव्हतं. शेवटी कायदा जमिनीवर उतरला तो न्यायालयाच्या वाटेनं, आणि उतरला तो घर विकणाऱ्यावर नव्हे, घरात राहणाऱ्यावर.

२१ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं रणजितसिंह खटल्यात म्हटलं की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क नागरिकाला आहे. माळढोक पक्षी आणि विजेच्या तारा यांच्या वादातून हे वाक्य निघालं, हे गमतीचं आहे. हक्क तर सांगितला गेला. पण तो मागायचा कुणाकडे, किती दिवसांत, नाही मिळाला तर काय, ही भाषा न्यायालयाची नसते. ती कलमं विधिमंडळानं लिहायची असतात.

समजा उद्या एखाद्या आमदारानं असं अशासकीय विधेयक मांडलं. पाणी मुरायच्या, साठायच्या, वाहून जायच्या प्रत्येक राखीव जागेचा वार्षिक हिशेब सभागृहापुढं आणि प्रभागातल्या रहिवाशाला तो मागायचा हक्क. खर्चाचा प्रश्न येईल, त्याला १९७५ चं उत्तर आहे. खरी अडचण व्याख्येच्या कलमात येईल. रोजगार हमीत ‘ग्रामीण भागातली प्रौढ व्यक्ती’ एवढं लिहून भागलं. इथं ‘रहिवासी’ कुणाला म्हणायचं? अग्रवाल नगरीत पै पै जमवून घर घेतलेलं, कागदोपत्री अनधिकृत ठरलेलं आणि आता भाड्याच्या खोलीत गेलेलं कुटुंब त्यात बसेल का? पाणी तुंबतं तेव्हा त्यांच्या घरात आधी शिरतं. आणि ज्या जागेवर पाण्याची सोय व्हायची होती, तिथंच त्यांना घर विकलं गेलं होतं. त्यांना वगळून लिहिलेला मसुदा सहज मंजूर होईल. त्यांना धरून कसा लिहायचा, यावर आता तुमचे प्रश्न घेऊ.