कानांची परीक्षा

२१ जानेवारी २००६ची संध्याकाळ. जपानभरच्या परीक्षा केंद्रांत सुमारे पाच लाख मुलंमुली बसली होती. प्रत्येकाच्या बाकावर प्रश्नपत्रिकेशेजारी तळहातात मावेल एवढं एक छोटं यंत्र होतं आणि त्याला जोडलेले इअरफोन. दिवसभर बाकीचे पेपर झाले होते, आता पहिल्या दिवसातला शेवटचा पेपर उरला होता: इंग्रजी ऐकण्याचा. पर्यवेक्षकांनी सांगितल्यावर सगळ्यांनी आपापल्या यंत्राचं बटण दाबलं. त्यानंतर अर्धा तास बाहेरून पाहणाऱ्याला फक्त माना खाली घातलेली मुलं दिसली असती. आवाज होता तो ज्याच्या त्याच्या कानात.

त्या पाच लाखांपैकी एक जण आज माझा सहकारी आहे. मी पुण्यात बसून ज्या सॉफ्टवेअरवर काम करतो, त्याची जपानकडची बाजू तो सांभाळतो. त्याच्या इंग्रजी ईमेलमध्ये चूक शोधून सापडणार नाही. पण व्हिडिओ कॉल सुरू झाला की तो गप्प होतो आणि थोड्या वेळाने चॅटमध्ये लिहितो, ‘कृपया इथे टाइप कराल का?’ पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला हायसं वाटलं, कारण मीही तेच लिहिणार होतो. मी तालुक्याच्या गावातल्या मराठी शाळेत शिकलो. इंग्रजीत नेहमी चांगले गुण पडले, अभियांत्रिकीची जाडजूड पुस्तकं इंग्रजीतूनच वाचली, आणि नोकरीतल्या पहिल्या कॉलवर अमेरिकेतला माणूस काय म्हणाला ते मला अजिबात कळलं नाही.

वाचता येणारी भाषा ऐकता का येत नाही, हा प्रश्न माझ्यासाठी तिथे सुरू झाला. जपानला तो दोनशे वर्षांपूर्वी पडला होता.

तुरुंगातला शिक्षक

१८०८ साली फेटन नावाचं ब्रिटिश लढाऊ जहाज डच झेंडा लावून नागासाकीच्या बंदरात शिरलं. त्या काळात युरोपीय देशांपैकी फक्त डचांना जपानशी व्यापार करायची मुभा होती आणि सरकारी दुभाषे डच भाषाच जाणत. ब्रिटिशांनी डच कर्मचाऱ्यांना ओलीस धरलं, अन्नपाणी उकळलं आणि ते निघून गेले. नागासाकीच्या शासकाने या नामुष्कीपायी आत्महत्या केली. मग हुकूम सुटला की दुभाष्यांनी इंग्रजी शिकावं. शिकवायला इंग्रज नव्हताच. एका डच अधिकाऱ्याच्या मदतीने ते शिकले आणि १८१४मध्ये जपानमधला पहिला इंग्रजी-जपानी कोश तयार झाला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश येण्याच्या सतरा वर्षं आधीची ही गोष्ट. त्या कोशात इंग्रजी शब्दांचे उच्चार जपानी लिपीत दिले आहेत, पण त्यांना डच वळण आहे. साहजिकच आहे, ज्याच्याकडून ऐकले तो डच होता.

ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे असा शिक्षक जपानला मिळाला तो १८४८मध्ये, आणि तोही कैदी म्हणून. रॅनल्ड मॅकडोनाल्डचे वडील स्कॉटिश, आई चिनूक जमातीची. जपान पाहायच्या ध्यासापायी तो देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावरून एका होडीत उतरला आणि मुद्दाम जपानच्या उत्तरेकडच्या किनाऱ्याला लागला. परवानगीशिवाय येणाऱ्या परक्याला कैद व्हायची, तशी त्यालाही झाली. नागासाकीत त्याला डांबून ठेवलं आणि चौदा दुभाषे त्याच्याकडे शिकायला येऊ लागले. ते इंग्रजी मोठ्याने वाचत आणि तो त्यांचे उच्चार सुधारी. ‘ल’चा उच्चार त्यांना फार जड जातो, असं त्याने नोंदवून ठेवलं आहे. त्याच्या विद्यार्थ्यांपैकी मोरियामा एनोसुके पुढे अमेरिकन आरमाराच्या कमोडोर पेरीबरोबरच्या वाटाघाटींत दुभाषा होता. हा वर्ग काही महिने चालला आणि १८४९मध्ये मॅकडोनाल्डला परत पाठवण्यात आलं.

डोळ्यांचा मार्ग

पुढे जपानने कानांचा नाही, डोळ्यांचा मार्ग धरला. त्यालाही कारण होतं.

१८५९मध्ये फुकुझावा युकिची हा तरुण विद्वान नव्याने खुल्या झालेल्या योकोहामा बंदरात गेला. त्याने अनेक वर्षं घासून डच शिकली होती. तिथे दुकानांवरच्या पाट्या त्याला वाचता येईनात, कारण त्या इंग्रजीत होत्या. निराश होऊन परतला आणि लगेच इंग्रजीच्या मागे लागला. त्याला आणि त्याच्या पिढीला घाई होती ती पुस्तकांतलं ज्ञान जपानीत आणायची. इंग्रजांशी गप्पा मारायची निकड थोड्यांनाच होती. पुस्तक कसं फोडायचं हे जपानी माणसाला आधीपासून ठाऊक होतं: अभिजात चिनी ग्रंथांना खुणा घालून, शब्दांचा क्रम बदलून ते जपानीत वाचायची शेकडो वर्षांची परंपरा होती. तीच रीत इंग्रजीला लावली. प्रत्येक शब्दाखाली अर्थ, मग क्रमांक, मग क्रमाने जपानी वाक्य. उच्चाराकडे लक्ष न देता अर्थ काढण्याच्या या शिक्षणाला ‘हेन्सोकु’ म्हणत, उच्चारासकट शिकण्याला ‘सेइसोकु’. ‘सेइसोकु’ म्हणजे रीतसर, ‘हेन्सोकु’ म्हणजे आडवळणाचं. बहुतेकांनी आडवळण घेतलं.

आपण इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणत होतो त्याच काळात जपान ते दूध आटवून स्वतःच्या भांड्यात भरत होता. सुरुवातीला तोक्यो विद्यापीठात परदेशी प्राध्यापक इंग्रजीतून शिकवत. काही दशकांत त्यांच्या जागी जपानी प्राध्यापक आले आणि शिक्षण जपानीत होऊ लागलं. विद्यार्थ्यांचं इंग्रजी घसरल्याची ओरड झाली, तेव्हा स्वतः इंग्रजीचे प्राध्यापक राहिलेले कादंबरीकार नात्सुमे सोसेकी यांनी १९११मध्ये लिहिलं की हे स्वाभाविकच आहे, देशाचं शिक्षण स्वतःच्या भाषेत होऊ लागलं की परकी भाषा मागे पडणारच. वैद्यक आणि अभियांत्रिकी मराठीतून शिकता येईल का, यावर अजूनही वाद घालणाऱ्या मला हे वाचून हेवा वाटला. डोळ्यांच्या मार्गाने जपानला मोठं देणं दिलं होतं. कान बंद राहिले ही त्याची किंमत होती.

आवाज नसलेली उच्चारपरीक्षा

दुसऱ्या महायुद्धानंतर अडचण वाढली, कारण आता इंग्रजी मूठभर विद्वानांपुरती राहिली नव्हती. ती शाळेत जवळजवळ प्रत्येक मुलाला होती आणि विद्यापीठाच्या दारात चाळणी म्हणून उभी होती. १९७४मध्ये हिराइझुमी वातारू या खासदाराने आपल्या पक्षापुढे टिपण ठेवलं: सगळ्यांना सक्तीने इंग्रजी शिकवून हाती फार थोडं लागतं, म्हणून प्रवेशपरीक्षेतून ती काढावी आणि इच्छा असणाऱ्या पाचेक टक्के लोकांना कसून शिकवावी. इंग्रजीचे प्राध्यापक वातानाबे शोइची यांनी त्याला जोरदार उत्तर दिलं. त्यांच्या मते अवघड इंग्रजी वाक्य फोडून जपानीत आणताना विद्यार्थ्याची बुद्धी घासली जाते, बोलता येतं की नाही ही गौण बाब आहे. हा वाद मासिकाच्या पानांवर कित्येक महिने रंगला. हिराइझुमींना उपयोग हवा होता, वातानाबेंना संस्कार. परीक्षा मात्र जागची हलली नाही.

१९७९मध्ये दोन गोष्टी घडल्या. सरकारी विद्यापीठांसाठी देशव्यापी सामाईक पूर्वपरीक्षा सुरू झाली. तिच्यात इंग्रजी होतं, ऐकणं नव्हतं. त्याच वर्षी जपानी पुढाकाराने, अमेरिकन परीक्षासंस्थेकडून बनवून घेतलेली टोइक परीक्षा आली: शंभर प्रश्न ऐकण्याचे, शंभर वाचनाचे, दोन्हींना सारखे गुण. ती नोकरदारांसाठी होती. व्यापारउदिमाला कान हवे होते, विद्यापीठांना डोळे पुरत होते.

१९९०पासून ‘सेंटर टेस्ट’ या नावाने चाललेल्या सामाईक परीक्षेत इंग्रजीचा पहिलाच प्रश्न उच्चारांचा असे. चार शब्द छापलेले, प्रत्येकातली काही अक्षरं अधोरेखित; कुठल्या शब्दात त्यांचा उच्चार वेगळा होतो ते ओळखायचं. दुसऱ्या प्रकारात आघात कुठे पडतो ते. म्हणजे परीक्षा ध्वनीची आणि वर्गात आवाज शून्य. ज्याने तो शब्द कधी ऐकलाच नाही, पण नियम आणि याद्या पाठ केल्या आहेत, त्यालाही पूर्ण गुण. सहकाऱ्याने मला हा नमुना दाखवला तेव्हा मी तीनचार प्रश्न बरोबर सोडवले. दोघंही हसलो.

सरकार हातावर हात ठेवून बसलं होतं असं नाही. १९८७मध्ये जेट योजनेतून इंग्रजी बोलणारे शेकडो तरुण परदेशातून शाळांमध्ये आणले गेले. १९९४पासून उच्च माध्यमिक शाळांत ‘ओरल कम्युनिकेशन’ हा विषय आला. त्याचे ए, बी, सी असे तीन प्रकार होते आणि बी हा खास ऐकण्यासाठी. शिक्षकांनी त्यात आपला चौथा प्रकार काढला: ‘ओसीजी’. जी म्हणजे ग्रामर. वेळापत्रकावर संभाषणाचा तास, फळ्यावर व्याकरण. शिक्षकांना दोष देणं सोपं आहे, पण मुलांचं भवितव्य ठरवणाऱ्या परीक्षेत ऐकणं नसताना तो तास ऐकण्यात घालवणारा शिक्षक पालकांना काय उत्तर देणार होता? आमच्या कामातही हेच होतं. जे तपासलं जातं तेच नीट बांधलं जातं. परीक्षा बदलल्याशिवाय वर्ग बदलणार नव्हता.

पाच लाख यंत्रं

परीक्षा बदलायची ठरली तेव्हा लक्षात आलं की कागद सगळ्यांना सारखा देता येतो, आवाज देता येत नाही. वर्गात एक स्पीकर लावला तर पहिल्या बाकाला स्पष्ट, शेवटच्याला घुमलेलं ऐकू येणार. एका केंद्रावर नवी यंत्रणा, दुसरीकडे जुनी. त्यात जानेवारी महिना, कडाक्याची थंडी, सर्दीखोकल्याचे दिवस. शेजारच्या मुलाच्या खोकल्यात एक शब्द बुडाला तर दाद कुणाकडे मागायची? उपाय निघाला तो असा: प्रत्येकाला स्वतःचं यंत्र. पेपर ५० गुणांचा, लेखी २०० गुणांचा.

आणि तरी पहिल्याच वर्षी काही यंत्रं अडली. आवाज येईना, मध्येच थांबला. नियम असा की अशा वेळी मुकाट्याने हात वर करायचा. पेपर संपल्यावर चारशेहून अधिक मुलांना जिथे अडलं त्या प्रश्नापासून नवं यंत्र देऊन पुढचा पेपर सोडवू दिला गेला. पाच लाखांत चारशे. आमच्या धंद्यात हा आकडा सांगून लोक पाठ थोपटून घेतील. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत मात्र ती चारशे मुलंच होती, आणि ते योग्यच होतं. सहकारी म्हणाला, “इंग्रजीपेक्षा यंत्र बंद पडेल याचीच भीती जास्त होती. माझं चाललं. पण वाक्य कळलं का याकडे लक्ष कमी आणि आवाज येतोय ना याकडे जास्त, असं झालं.”

ऐपतीप्रमाणे

ऐकणं आलं, पण ५० गुणांपुरतं. मग पुढची मागणी आली की बोलणं आणि लिहिणंही तपासा. पाच लाख मुलांचं बोलणं एका दिवसात कोण तपासणार? म्हणून सरकारने ठरवलं की हे काम खासगी परीक्षांवर सोपवायचं. बारावीच्या वर्षात दिलेल्या दोन परीक्षांचे गुण विद्यापीठांकडे जाणार होते. एका परीक्षेची फी काही हजार येनपासून वीसपंचवीस हजार येनपर्यंत. केंद्रं मोठ्या शहरांत. बेटांवरच्या, डोंगराळ भागातल्या मुलांना प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च वेगळा. आणि ज्याच्या घरी पैसा आहे तो आधीच चारदा सराव म्हणून परीक्षा देऊन येणार. मुख्याध्यापकांच्या संघटनेने योजना लांबणीवर टाकायची मागणी केली, विद्यार्थी रस्त्यावर उतरले.

ऑक्टोबर २०१९मध्ये टीव्हीवर शिक्षणमंत्री हागिउदा यांना या विषमतेबद्दल विचारलं गेलं. मुलांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे झुंजावं, अशा अर्थाचं ते काहीतरी बोलून गेले. त्या एका शब्दाने देश पेटला. त्यांनी माफी मागितली आणि १ नोव्हेंबरला, अर्ज सुरू होण्याच्या दिवशीच, योजना पुढे ढकलली. २०२१मध्ये ती कायमची सोडून दिली.

मागे उरलं ते असं: जानेवारी २०२१पासूनच्या नव्या सामाईक परीक्षेत वाचनाला १०० आणि ऐकण्याला १०० गुण. काही ध्वनिफिती एकदाच ऐकवतात, आणि बोलणाऱ्यांत इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही असेही लोक असतात. अधोरेखित अक्षरांचा तो मुका प्रश्न गेला. बोलण्याची परीक्षा नाही. दोनशे वर्षांनी कान डोळ्यांच्या बरोबरीला आले, निदान गुणपत्रिकेवर. प्रत्यक्षात कुठल्या पेपरला किती वजन द्यायचं हे विद्यापीठं ठरवतात.

मला या इतिहासात हागिउदांचा तो शब्द सगळ्यात जास्त लागला. वाचन स्वस्त असतं. तालुक्याच्या ग्रंथालयातलं एक जुनं पुस्तक वीस मुलं वाचू शकतात, मीही तसंच वाचलं. ऐकण्यासाठी मात्र समोर बोलणारं माणूस लागतं आणि ते कुठे राहतं, किती पैसे घेतं यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून २००६चं ते बाकावरचं यंत्र मला पटतं. त्याने इंग्रजी किती सुधारलं ते सोडा, पण बेटावरच्या मुलीला आणि तोक्योतल्या मुलाला तोच आवाज त्याच स्पष्टतेने त्याने ऐकवला. परीक्षेपुरतं तरी. वर्षभर कुणाला काय ऐकायला मिळालं, हे त्या यंत्राच्या हातात नव्हतं.

गेल्या वर्षी जुलैत मी पुण्यात जपानी भाषेची एन-थ्री परीक्षा दिली. तिच्यात शब्द-व्याकरण, वाचन आणि ऐकणं यांना प्रत्येकी साठ गुण असतात, आणि कुठल्याही एकात एकोणीसच्या खाली गेलात तर बाकी कितीही असोत, नापास. वर्गात एकच स्पीकर होता. खिडकीबाहेर पाऊस, डोक्यावर पंखा. मी शेवटून दुसऱ्या बाकावर. एक बाई कुणाला तरी स्टेशनवर कुठल्या दारापाशी भेटायचं ते सांगत होती आणि मला दाराचं नाव ऐकूच आलं नाही.

निकाल लागला, वाचनात भरघोस, ऐकण्यात एकवीस. सहकाऱ्याला कळवलं. त्याने अभिनंदन टाइप केलं आणि खाली लिहिलं की दर शुक्रवारी अर्धा तास कॅमेरा बंद ठेवून नुसतं बोलू, पंधरा मिनिटं जपानी, पंधरा मिनिटं इंग्रजी, चॅट वापरायचं नाही. चार शुक्रवार झाले. अजून दोघंही एकमेकांना ‘पुन्हा सांग’ असंच जास्त म्हणतो.