गोळी आणि क्लिक
युद्धाचे फोटो काढणं म्हणजे जिवाशी खेळ. रॉबर्ट कापा १९५४ मध्ये व्हिएतनाममध्ये सुरुंगावर पाय पडून गेला. पण फोटोत सापडलेल्या माणसाचं काय?

१ फेब्रुवारी १९६८, सायगाव. पोलीसप्रमुख जनरल लोआननं हात बांधलेल्या व्हिएतकाँग कैद्याच्या डोक्यात गोळी घातली. खटला नाही, काही नाही. एडी अ‍ॅडम्सनं त्याच क्षणी क्लिक केलं. १९६९ चं पुलित्झर त्याला मिळालं. लोआन मात्र पुढे अमेरिकेत पिझ्झा विकतानाही त्या फोटोतून सुटला नाही. अ‍ॅडम्सनं नंतर त्याची माफी मागितली.

मला विचाराल तर फोटो छापायलाच हवा होता. पण एका क्षणावरून अख्ख्या माणसाचा निकाल लावायचा की नाही, हे कॅमेरा ठरवत नाही. ते आपण ठरवतो.