बाजाराने टाकलेली, घराने जपलेली : सोलापुरातील कवड्यांची माळ

१/ 'कवडीमोल', 'फुटकी कवडी', 'कवडीचुंबक'. मराठीने कवडीला क्षुद्रतेचे माप ठरवले. तरीही सोलापुरातील अनेक देव्हाऱ्यांत कवड्यांची माळ पिढ्यान्‌पिढ्या जपली जाते. या विसंगतीचा हा इतिहास.

२/ कवडी म्हणजे एका सागरी गोगलगायीचे कवच. मध्ययुगात तिचा मोठा पुरवठा मालदीव बेटांतून होई. चौदाव्या शतकात तेथे राहिलेला इब्न बतूता सांगतो, की बेटांवरील लोक कवड्या देऊन बंगालचा तांदूळ घेत.

३/ आपल्याकडेही कवडी ही चलनाची सर्वांत खालची पायरी होती. ११५० च्या 'लीलावती'त भास्कराचार्य आरंभीच कोष्टक देतात : २० कवड्यांची १ काकिणी, ४ काकिणींचा १ पण, १६ पणांचा १ द्रम्म. म्हणजे एका द्रम्मास १,२८० कवड्या.

४/ एकोणिसाव्या शतकात कवडी व्यवहारातून बाद होत गेली. तुळजाभवानीच्या उपासनेतील तिचे स्थान मात्र अढळ राहिले. आराधी आणि गोंधळी यांची ओळखच ही माळ. छिद्र पाडलेल्या कवड्या दोऱ्यात दाट ओवतात. दोरा झिजतो, कवड्या टिकतात. त्याच कवड्या पुन्हा नव्या दोऱ्यात ओवता येतात.

५/ १८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि खेड्यांतील कुटुंबे चाळींत आली. शेत आणि घर मागे राहिले. गळ्यातली माळ आणि हातातली परडी तेवढी सोबत आणता आली. तुळजापूर तर अवघ्या ४५ किलोमीटरवर.

६/ हा वारसा दागिन्यांसारखा वाटून घेता येत नाही. माळेसोबत व्रत येते : मंगळवारी, शुक्रवारी पाच घरी जोगवा मागणे, परडी भरणे. सासूची माळ सुनेने घालावी, अशी अनेक घरांची रीत. परंतु नोकरी करणाऱ्या सुनेला जोगव्यासाठी दारोदार जाणे अवघड वाटू शकते. आणि माळ नाकारली, तर कुळाचा धागा आपल्या हातून तुटला, ही बोच राहते.

७/ कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरकडे चालत निघणाऱ्या गर्दीत आज कितीतरी तरुण मुलीही असतात. माळ घालायची की केवळ जपायची, हा निर्णय आता त्यांचा. तो घेण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना एवढे अवश्य विचारावे : ही माळ आपल्या घरी कोणी आणली, आणि कोणाकोणाच्या गळ्यात होती?