पूर्वपरीक्षा नसलेली परीक्षा

ट्रायथलॉन म्हणजे तीन खेळांची सलग शर्यत. आधी पोहायचे, पाण्यातून बाहेर येऊन ओल्या अंगाने सायकलवर बसायचे, आणि सायकल ठेवली की धावायला लागायचे. मध्ये विश्रांती नाही, घड्याळ चालूच. लांब पल्ल्याची यातली सर्वांत प्रसिद्ध शर्यत म्हणजे 'आयर्नमॅन'. तिचे अंतर असे: सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर, म्हणजे अख्खी मॅरेथॉन, धावणे. हे आकडे मी प्रथम वाचले तेव्हा छपाईची चूक असावी असे वाटले होते.

या विषयाकडे मी वळले ती माझ्या भाच्यामुळे. पंचेचाळिशी ओलांडलेला, दिवसभर खुर्चीत बसून काम करणारा हा मुलगा (माझ्या लेखी तो मुलगाच) सध्या गोव्याच्या शर्यतीची तयारी करतो आहे. ही शर्यत पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर २०१९ साली पहिल्यांदा झाली. अंतर वरच्या निम्मे. एकदा फोनवर तो म्हणाला, "मावशी, रोज पोहतो, सायकल चालवतो, सगळं करतो. पण तिन्ही अंतरं एका ओळीत लिहिलेली बघितली की पोटात गोळा येतो. आत्मविश्वास आणायचा कुठून?"

मला पोहता येत नाही, सायकल सोडूनही तीस वर्षे झाली. मी त्याला काय सांगणार? पण जन्मभर इतिहास शिकवला आहे, त्यामुळे एक खोड लागली आहे. कोणी काही अवघड विचारले की पाहायचे, हे पहिल्यांदा ज्यांनी केले त्यांनी कसे केले? त्यांना तर कोणी सांगणाराही नव्हता.

तर ऐका.

आजच्या ट्रायथलॉनची सुरुवात अमेरिकेत सॅन डिएगो येथे झाली. २५ सप्टेंबर १९७४ रोजी तिथल्या मिशन बे या खाडीकाठी धावणाऱ्यांच्या एका क्लबने ही गंमत म्हणून ठेवली. जॅक जॉनस्टोन आणि डॉन शनहन हे तिचे कर्ते. सहा मैल धावणे, पाच मैल सायकल आणि जेमतेम पाचशे यार्ड पोहणे, तेही तुकड्यातुकड्यांत. ४६ जण आले. शर्यत संध्याकाळची होती. शेवटचे लोक पाण्यात असताना अंधार पडला, तेव्हा मोटारी काठाशी आणून त्यांचे दिवे पाण्यावर सोडावे लागले. त्या ४६ जणांत एक जोडपे होते, जॉन आणि जूडी कॉलिन्स. जॉन अमेरिकन नौदलात अधिकारी.

पुढे हे जोडपे बदलीमुळे हवाई बेटांवर आले. १९७७ साली तिथे धावण्याच्या एका शर्यतीच्या बक्षीस समारंभात वाद रंगला की खरा तंदुरुस्त कोण, पोहणारा की धावणारा? कॉलिन्स यांनी त्यात तिसरा पक्ष आणला. बेल्जियमचा प्रसिद्ध सायकलपटू एडी मर्क्स याच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता फार मोठी आहे असे त्यांच्या वाचनात आले होते, म्हणजे सायकलवाले का नकोत? मग निकाल लावायचा कसा? तिघांनाही तिन्ही करायला लावायचे!

आता पाहा, अंतरे त्यांनी मनाने काढली नाहीत. होनोलुलूमध्ये तीन वेगवेगळ्या शर्यती आधीपासून होत होत्या: वायकिकीची २.४ मैलांची समुद्रातली पोहण्याची, ओआहू बेटाला वळसा घालणारी ११५ मैलांची सायकलची, आणि मॅरेथॉन. कॉलिन्स यांनी तिन्ही जोडल्या. पोहणे जिथे संपते तिथून सायकल सुरू व्हावी आणि मॅरेथॉन जिथून सुटते तिथे ती संपावी म्हणून सायकलचे तीन मैल कमी केले, ११२ उरले. आणखी एक गोष्ट फार बोलकी आहे. ती सायकलची शर्यत मुळात दोन दिवसांची होती. लोक जे दोन दिवसांत करत, ते यांनी एका दिवसात, पोहणे आणि धावणे यांच्या मधोमध बसवले.

१८ फेब्रुवारी १९७८ रोजी पंधरा जण पाण्यात उतरले. प्रशिक्षक नाहीत, वेळापत्रके नाहीत, रस्त्यात पाणी द्यायला संयोजकांची माणसे नाहीत. प्रत्येकाने आपापले मदतनीस आणायचे. नौदलाच्या कमांडो पथकातला जॉन डनबार पुढे होता, पण त्याच्या मदतनीसांकडचे पाणी संपले आणि त्यांनी त्याला बिअर दिली. तरी तो दुसरा आला. पहिला आला गॉर्डन हॅलर, ११ तास ४६ मिनिटांत. पंधरापैकी बारा जणांनी शर्यत पूर्ण केली. खुद्द जॉन कॉलिन्स नववे आले, १७ तास आणि ३८ सेकंदांत. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या पंधरा जणांना "आपल्याला हे जमेल" असा विश्वास होता का? असणे शक्यच नव्हते. जे जगात कोणी केले नव्हते त्याबद्दल खात्री कशी असणार? पण त्यांच्याकडे दुसरे काहीतरी होते. आम्हाला बी.एड.ला अध्यापनाची सूत्रे घोकायला लावत, त्यातले पहिलेच सूत्र 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे'. तिन्ही तुकडे ओळखीचे होते. पोहण्याची शर्यत माणसे पूर्ण करत, सायकलचीही, मॅरेथॉनही. अज्ञात होता तो फक्त सांधा. मिशन बेला कॉलिन्स पती-पत्नींनी हा सांधा छोट्या अंतरावर अनुभवला होता. भीती त्यांनाही असेल, पण ती सगळ्या अंतराची नव्हती, सांध्यापुरती होती.

लांब शर्यतीच्या तयारीतही नेमके हेच असते, हे भाच्याचे वेळापत्रक पाहून कळले. आठवड्यातून एकदा लांब सायकल, एकदा लांब धावणे, आणि मधून मधून सायकलवरून उतरल्या उतरल्या धावायला जायचे. त्यावेळी पाय लाकडाचे झाल्यासारखे वाटतात म्हणे. ते तसेच वाटतात आणि काही वेळाने मोकळे होतात, हे एकदा अंगाला कळले की त्याची धास्ती जाते. तलावात पोहणाऱ्याने समुद्रात पोहून पाहायचे, कारण तिथे धरायला कठडा नसतो आणि तळाशी रेघ नसते. शर्यतीच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत व्यायाम मुद्दाम कमी करायचा, शरीराला भरून यायला वेळ द्यायचा.

पण मला सगळ्यांत नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. पूर्ण लांबीच्या आयर्नमॅनची तयारी करणारे तिन्ही अंतरे सलग, पूर्ण, आधी सहसा करतच नाहीत. शरीराची इतकी झीज होते की ती भरून येईपर्यंत शर्यत उलटून जाईल. आमच्या दहावीच्या मुलांना पूर्वपरीक्षा असे, पूर्ण तीन तासांचा पेपर. तो एकदा लिहिला की मुले निम्मी निर्धास्त होत. इथे पूर्वपरीक्षाच नाही! शितावरून भाताची परीक्षा करायची आणि भात पहिल्यांदा शर्यतीच्या दिवशीच शिजवायचा. म्हणून इथला आत्मविश्वास "मी हे केले आहे" असा नसतोच. "मी याचे सगळे भाग केले आहेत" एवढाच असतो. तेवढ्यावर निघायचे असते.

१९७९ साली लिन लमेअर ही एकटी बाई या शर्यतीत उतरली आणि सगळ्यांत पाचवी आली. ती मूळची सायकलपटू, म्हणजे एक तुकडा पक्का होता. फेब्रुवारी १९८२ मध्ये जूली मॉस नावाची तेवीस वर्षांची विद्यार्थिनी आली, ती तर व्यायामशास्त्राच्या प्रबंधासाठी! बायकांत ती सगळ्यांच्या पुढे होती, पण शेवटची रेघ काही हातांवर आली असताना पाय गेले. ती पडली, कॅथलीन मॅकार्टनी पुढे निघून गेली, आणि जूली रांगत रांगत २९ सेकंदांनी पोचली. अमेरिकेत हे टीव्हीवर लोकांनी पाहिले आणि या खेळाचे नाव घरोघर गेले. ते जिंकणारीमुळे नव्हे, रांगणारीमुळे.

आणि आता माझी लाडकी. सिस्टर मॅडोना ब्यूडर. १९३० सालचा जन्म, कॅथलिक जोगीण. धावायला लागली ती अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, एका धर्मगुरूच्या सांगण्यावरून. पहिले आयर्नमॅन पंचावन्नाव्या वर्षी. लोक तिला 'आयर्न नन' म्हणू लागले. हवाईच्या शर्यतीत पुढे १७ तासांची मर्यादा आली. १७ तासांत पोचलात तर पोचलात, नाहीतर नाव नाही. २००६ साली वयाच्या ७६व्या वर्षी सिस्टर तिथे पोचल्या, १६ तास ५९ मिनिटे ३ सेकंदांत. सत्तावन्न सेकंद शिल्लक होते! २०१२ साली कॅनडात ८२व्या वर्षी त्यांनी पुन्हा एक पूर्ण केले. त्यांच्या वयाचे कोणी येतच नसे, म्हणून संयोजकांना त्यांच्यासाठी नवे वयोगट काढावे लागले.

आता तो मघाचा आकडा आठवा. ज्याने ही शर्यत काढली त्या कॉलिन्स यांचा वेळ १७ तास ३८ सेकंद. नंतरच्या नियमाने ते ३८ सेकंदांनी नापास! आणि ७६ वर्षांची जोगीण ५७ सेकंदांनी पास. वर्गात असते तर मी हे फळ्यावर एकाखाली एक लिहिले असते आणि मुलांना विचारले असते, यातला आत्मविश्वास कोणाचा जास्त?

माझे उत्तर असे, की प्रश्नच चुकीचा आहे. आत्मविश्वास ही आधी गाठीला बांधून निघायची शिदोरी आहे असे आपण मुलांना सांगत आलो. "आधी विश्वास ठेव, मग जमेल." पण इतिहास उलटे सांगतो. आधी पाचशे यार्ड पोहून होते, अंधार पडतो, कोणी दिवे लावते, आपण काठाला लागतो. मग थोडे अधिक. विश्वास मागाहून येतो, आणि तोही फक्त तेवढ्याच अंतराचा येतो जेवढे पार झाले. पुढच्या अंतराचा कधीच नाही. बुजऱ्या मुलांना "घाबरू नकोस" म्हणण्यापेक्षा एक सोपे गणित पूर्ण करायला देणे बरे, हे हाडाच्या शिक्षकाला ठाऊक असते. एवढेच, की मोठ्या माणसांनाही तेच लागू पडते हे ध्यानात येत नाही.

तेव्हा पोटात गोळा येणे हे तयारी कमी असल्याचे लक्षण नाही. पुढचे अंतर अजून पार झालेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्या पंधरा जणांच्याही पोटात तो आलाच असणार.