ठाण्याचे मुख्याध्यापक आणि भास्कराचार्यांचे ‘या’

१/ १८८०च्या सुमारास ठाण्याच्या मराठी शाळेत शंकर बाळकृष्ण दीक्षित हे तरुण मुख्याध्यापक होते. त्यांचा जन्म १८५३चा, म्हणजे बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली त्याच वर्षीचा. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. तरीही १८९६ मध्ये त्यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा समग्र इतिहास मराठीत सिद्ध केला.

२/ त्या इतिहासातील एक मोठे नाव भास्कराचार्यांचे. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ पूर्ण केला. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग मानले जातात. त्या काळी उत्तर कोकणावर शिलाहारांची सत्ता होती आणि त्यांची राजधानी ठाणे, म्हणजेच श्रीस्थानक, येथे होती.

३/ आज सातवी-आठवीत शिकवले जाणारे बैजिक राशींचे सरळरूप ‘बीजगणिता’त स्पष्ट आढळते. पहिली अज्ञात राशी ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जितके असेल तितके’. पुढच्या अज्ञातांना रंगांची नावे : कालक, नीलक, पीतक. लिहिताना केवळ आद्याक्षरे : या, का, नी, पी. ज्ञात संख्येपुढे ‘रू’, म्हणजे रूप. संख्या ऋण असेल तर तिच्यावर टिंब.

४/ नियम असा : समान जातीच्या राशींचीच बेरीज-वजाबाकी करावी, भिन्न जातीच्या राशी वेगळ्या ठेवाव्यात. आजची पाठ्यपुस्तके त्यांना ‘सरूप’ आणि ‘विरूप’ पदे म्हणतात. शब्द बदलले, विचार तोच राहिला.

५/ उदाहरण पाहू. ‘या ५ रू ३’ यात ‘या २ रू ७’ मिळवायचे आहे. मात्र या सातावर टिंब आहे. ‘या’ला ‘या’ मिळून ७. रूपांत ३ धन व ७ ऋण, म्हणून ४ ऋण. उत्तर : ‘या ७ रू ४’, चारावर टिंब. सोबत ‘का ४’ असते, तर ते तसेच राहिले असते; कारण काळ्याची बेरीज ‘या’मध्ये होत नाही.

६/ रंगांची ही परंपरा भास्कराचार्यांच्याही आधीची. ब्रह्मगुप्ताच्या ६२८च्या ग्रंथात ती दिसते. याउलट नवव्या शतकात बगदादेत अल्-ख्वारिझ्मीने बीजगणित संपूर्णपणे शब्दांत मांडले.

७/ येथे दोन टोके टाळली पाहिजेत. ‘बीजगणित इंग्रजांनी आणले’ हे खरे नाही. पण ‘आपल्याकडे सर्व काही होते’ हेही खरे नाही. भास्कराचार्यांच्या मांडणीत अज्ञाताला अक्षर आहे, सहगुणक मात्र आकडाच आहे. ज्ञात राशींनाही अक्षरे देऊन सर्वसामान्य सूत्र लिहिण्याची पद्धत फ्रान्सच्या व्हिएतने १५९१ मध्ये मांडली. ‘एक्स, वाय, झेड’ रूढ झाले ते देकार्तच्या १६३७च्या ग्रंथामुळे.

८/ मग मधल्या काळात ही विद्या टिकली कशी? चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७चा शिलालेख याचे एक उत्तर देतो. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला आणि त्यास दान मिळाले. दानाचा तपशील कोरला आहे तो तत्कालीन मराठीत. १८६५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख विद्वानांपुढे आणला.

९/ मठ उरला नाही; शिलालेख आणि पोथ्या उरल्या. त्यांचा अर्थ पुढच्या पिढीस मराठीत सांगण्याचे काम दीक्षितांसारख्या शाळामास्तरांनी केले. ग्रंथ नुसता जपून भागत नाही, तो शिकवावा लागतो, हे चांगदेवाने ओळखले होते.

१०/ आज कल्याण-डोंबिवलीच्या वर्गांत ‘सरूप पदे एकत्र करा’ हे वाक्य पाठ करून घेतले जाते. त्यामागचे कारण ‘यावत्तावत्’ या एका शब्दातच आहे : जितके असेल तितके. ते ‘जितके’ दोन्हीकडे एकच असेल, तरच बेरीज होते. एवढे उमगले की पाठांतराची गरज उरत नाही.