वाइनमध्ये साखर उरते कशी?

किण्वनाचे समीकरण आपण फळ्यावर लिहितो तेव्हा बाणाच्या उजव्या बाजूला साखर शिल्लक राहत नाही. ग्लुकोजच्या एका रेणूपासून इथेनॉलचे दोन रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. हिशेब चोख आहे. १७८९ साली लव्हाझिएने किण्वनाचा जमाखर्च तराजूने मांडून दाखवला आणि १८१५ मध्ये गे-ल्युसॅकने त्याला जवळपास आजचे रूप दिले. पण एखाद्या चौकस विद्यार्थ्याने ‘सगळी साखर संपते, तर मग गोड वाइन कशी असते?’ असे विचारले, तर हे समीकरण उपयोगी पडत नाही. क्रिया कुठे थांबते आणि तिला कोण थांबवते, हे त्यात लिहिलेलेच नसते.

आमच्यापुढे हा प्रश्न आला तो मुळशीत. धरणाच्या काठी एका सहकाऱ्याच्या घरी आम्ही चार-पाच जण जमलो होतो. एकाने जॉर्जियाहून, म्हणजे कॉकेशस पर्वताच्या कुशीतल्या देशातून, एक बाटली आणली होती. वाइनचे नाव ‘ख्वांचकारा’. वर्णन ‘नैसर्गिक, मध्यम गोड, लाल’. शिक्षकांच्या मासिकात वाइनच्या चवीचे वर्णन कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण चव घेणे हेही एक निरीक्षणच आहे, आणि इथे तर सगळा प्रश्न चवीतूनच उभा राहतो. रंग पिकलेल्या जांभळाच्या रसासारखा होता. आधी गोडी जाणवली, पाठोपाठ आंबटपणा आणि शेवटी जांभूळ खाल्ल्यावर जिभेला येतो तसला तुरटपणा. गोव्यात ‘पोर्ट’ या नावाने मिळणाऱ्या गोड वाइनपेक्षा ही हलकी वाटली. सरबताचा चिकटपणाही नव्हता. गोडी होती, पण ती फळाची वाटत होती.

‘नैसर्गिक’ या शब्दाने मात्र फसू नये. सोव्हिएत काळापासून चालत आलेल्या त्या वर्गीकरणात ‘नैसर्गिक’ म्हणजे बाहेरून अल्कोहोल न घातलेली वाइन. अलीकडे काही उत्पादक कोणतेही परिरक्षक न वापरता केलेल्या वाइनला ‘नैसर्गिक’ म्हणतात. तो अर्थ निराळा.

आता थोडे गणित करू. लिटरभर रसातल्या साधारण १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का अल्कोहोल तयार होते. समजा, चांगल्या पिकलेल्या द्राक्षांच्या रसात लिटरमागे २३० ग्रॅम साखर आहे. ती सगळी वापरली गेली तर साडेतेरा टक्के अल्कोहोलची, अजिबात गोड नसलेली वाइन होईल. तीच क्रिया ११ टक्क्यांवर थांबली, तर १८७ ग्रॅम साखर खर्च झाली आणि ४३ ग्रॅम उरली. म्हणजे १०० मिलिलिटरच्या पेल्यात चहाचा एक लहान चमचा साखर. मध्यम गोड वाइनची गोडी साधारण एवढीच असते.

या उरलेल्या साखरेची एक गंमत आहे. द्राक्षाच्या रसात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जवळजवळ निम्मे निम्मे असतात. यीस्ट दोन्ही खाते, पण ग्लुकोज अधिक झपाट्याने. त्यामुळे मध्येच थांबलेल्या किण्वनात मागे राहते ती मुख्यत्वे फ्रुक्टोज, आणि फ्रुक्टोज ग्लुकोजपेक्षा बरीच जास्त गोड लागते. म्हणजे उरलेली साखर आणि मूळची साखर यांचे नुसते प्रमाणच नव्हे, तर जातही बदललेली असते. गोडी फळाची वाटली त्यात या फ्रुक्टोजचा काही वाटा असावा, असे आम्हाला वाटते.

आता थांबवण्याचा प्रश्न. ख्वांचकारा होते ती जॉर्जियाच्या राचा या डोंगराळ भागात, रिओनी नदीच्या खोऱ्यात. अलेक्सांद्रोऊली आणि मुजुरेतुली या तिथल्या द्राक्षांच्या जाती. जॉर्जियात वाइनची परंपरा फार जुनी आहे. तिथल्या नवाश्मयुगीन वस्त्यांतील मडक्यांत सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या द्राक्षवाइनचे रासायनिक अवशेष सापडल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. जमिनीत पुरलेल्या ‘क्वेव्री’ नावाच्या रांजणांत वाइन करण्याच्या पद्धतीची युनेस्कोने २०१३ मध्ये वारसा म्हणून नोंद केली. राचातली द्राक्षे उशिरा पिकतात. रस रांजणात उकळ्या मारू लागतो न लागतो तोच डोंगरातली थंडी उतरते. तापमान दहा अंशांच्या खाली गेले की यीस्ट मंदावते, आणखी खाली गेले की जवळजवळ स्वस्थ बसते. साखर संपण्याआधीच हिवाळा क्रिया अडवतो. ही वाइन गोड राहिली ती हवामानामुळे.

पण स्वस्थ बसलेले यीस्ट म्हणजे मेलेले यीस्ट नव्हे. वसंतात ऊब आली की ते पुन्हा साखरेवर तुटून पडते, आणि बुचबंद बाटलीत कार्बन डायऑक्साइडचा दाब वाढून बाटली फुटूही शकते. म्हणून अशी वाइन दूरवर पाठवणे हे मोठे जिकिरीचे काम होते.

थंडीने किण्वन थांबते हे शेतकऱ्याला ठाऊक होते, पण थांबते ते नेमके काय? १८३७ च्या सुमारास श्वान, कान्यार-लातूर आणि क्युट्झिंग या तिघांनी स्वतंत्रपणे सांगितले की यीस्ट सजीव आहे. रसायनशास्त्रज्ञांना ते पटेना. १८३९ मध्ये व्होलर आणि लीबिग यांनी निनावी लेख लिहून, यीस्ट म्हणजे साखर खाऊन अल्कोहोल विसर्जित करणारे सूक्ष्म प्राणी, अशी यथेच्छ टर उडवली. गंमत अशी, की थंडीच्या पुराव्याने हा वाद सुटण्यासारखा नव्हता. सजीव थंडीत मंदावतो आणि निव्वळ रासायनिक क्रियाही थंडीत मंदावतेच! वर्गात हा मुद्दा जरूर चर्चेला घ्यावा. एकच निरीक्षण दोन्ही पक्षांना सोयीचे कसे ठरते, याचे इतके सुटसुटीत उदाहरण क्वचित मिळते. पुढे पाश्चरने १८५७ पासूनच्या प्रयोगांतून यीस्टचे जगणे आणि किण्वन यांचा संबंध दाखवला, आणि १८६६ च्या वाइनवरील ग्रंथात, वाइन ५० ते ६० अंशांपर्यंत तापवली की ती बिघडत नाही, हे मांडले. १८९७ मध्ये बुखनरने यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या रसानेही किण्वन घडवले आणि लीबिगची बाजूही अगदीच पोकळ नव्हती हे दिसले. काम विकरांचे, पण विकरे पेशीने बनवलेली.

थंडी नसेल तिथे काय करायचे? पोर्तुगालमध्ये दौरू नदीच्या खोऱ्यात अर्ध्या आंबलेल्या रसात द्राक्षांपासून काढलेले कडक मद्य ओततात. अल्कोहोल वीस टक्क्यांच्या आसपास गेले की यीस्ट तग धरत नाही आणि साखर सुरक्षित राहते. ही झाली पोर्ट. गोव्यातल्या वाइनला नाव तिथूनच मिळाले.

महाराष्ट्रात तर ऋतूच उलटे आहेत. द्राक्षवेलीची एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्च फळाची तोड. रस आंबायला लागतो तेव्हा पुढे हिवाळा नसतो, उन्हाळा असतो. १९८० च्या दशकात नारायणगावला आणि २००० पासून नाशिकला आधुनिक वाइन होऊ लागली, ती पोलादी टाक्यांभोवती थंड द्रव खेळवून. आपल्याकडे राचाचा हिवाळा यंत्रातून येतो. या यंत्राचे मूळही यीस्टपाशीच आहे: १८७० च्या दशकात कार्ल लिंडेने शीतयंत्रे बनवली, ती म्युनिकच्या बिअर कारखान्याची गरज डोळ्यांसमोर ठेवून.

आणि यंत्राला वीज लागते. ज्या पाण्याकडे बघत आम्ही ती वाइन चाखली, ते पाणी विजेसाठीच अडवलेले आहे. मुळशीचे धरण टाटांच्या वीज कंपनीने बांधायला घेतले तेव्हा मुळा-नीळा खोऱ्यातली आंबेमोहोराची खाचरे बुडणार होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापटांना त्यापायी तुरुंगवास झाला. १९२४ पर्यंत लढा चालला आणि हरला. १९२७ मध्ये सह्याद्रीच्या पायथ्याशी भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले आणि वीज मुंबईकडे गेली. नाशिकच्या टाक्या भिऱ्याच्या विजेवर गार होतात असे आमचे म्हणणे नाही. पण शीतकरणाच्या इतिहासात लिंडेचे नाव असते, आणि वीज जिथून येते तिथल्या बुडालेल्या खाचरांची नोंद नसते, हे खटकते.

वर्गात करण्यासारखा एक प्रयोग सांगतो. त्यात चाखायचे काहीही नाही. तीन सारख्या बाटल्यांत कोमट पाणी, दोन-दोन चमचे साखर आणि अर्धा-अर्धा चमचा बेकरीचे यीस्ट घाला आणि प्रत्येक तोंडावर फुगा ताणून बसवा. घट्ट झाकण कदापि लावू नका. पहिली बाटली वर्गातच ठेवा. दुसरीतल्या द्रावणाला यीस्ट घातल्यावर पाण्याच्या भांड्यात ठेवून ७० अंशांपर्यंत तापवा, आणि निवल्यावर फुगा बसवा. तिसरी, फेस येऊ लागताच, शीतकपाटात ठेवा. दुसऱ्या दिवशी पहिलीचा फुगा ताठ असेल, उरलेल्या दोघींचे फुगे त्यामानाने मलूल. आता दुसरी आणि तिसरी बाटली शेजारी शेजारी उन्हात ठेवा आणि तासाभराने मुलांना पाहायला सांगा, की कोणता फुगा उठून बसतो.