लोखंडानं खाल्लेली वीज

मोटार रिवाइंडिंगचं काम मी भिवंडीत शिकलो. मानकोली नाक्यावरून मिळेल त्या टेम्पोनं भिवंडी गाठायची आणि यंत्रमागांच्या जळालेल्या मोटारींमधली काळी पडलेली तार दिवसभर उपसायची. एकदा नवी तार भरलेली मोटार आम्ही मागाला न जोडता नुसतीच फिरवून पाहत होतो. थोड्या वेळानं हात लावला, तर अंग कोमट! काम काहीच नाही, मग तापली कशानं? उस्ताद म्हणाले, "थोडी बिजली तो लोहा खाता है, बेटा."

लोखंड किती वीज खातं, याचा हिशेब ज्यानं बसवून दिला, त्याचं नाव मला पुढे डिप्लोमाच्या पुस्तकात भेटलं. एका सूत्राला चिकटलेलं नुसतं नाव - स्टाइनमेट्झ. त्यामागचा माणूस कळायला आणखी बरीच वर्षं गेली.

कार्ल ऑगस्ट रुडॉल्फ स्टाइनमेट्झ जन्मला 9 एप्रिल 1865 रोजी, ब्रेस्लाऊ शहरात. ते तेव्हा प्रशियात होतं, आज पोलंडमध्ये आहे. आजोबांच्या आणि वडिलांच्या पाठीला पोक होतं, तेच याच्या वाट्याला आलं. उंची जेमतेम चार फूट. गणितात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. विद्यापीठातले मित्र त्याला 'प्रोटियस' म्हणत. प्रोटियस म्हणजे ग्रीक कथांमधला, हवी ती रूपं घेणारा समुद्रातला म्हातारा. अशा मुलांना नावं ठेवायला आपल्याकडेही कोणी मागे राहत नाही. या पठ्ठ्यानं मात्र पुढे अमेरिकेत तेच नाव आपल्या नावात लावून घेतलं : चार्ल्स प्रोटियस स्टाइनमेट्झ.

1888 साली त्याचा डॉक्टरेटचा प्रबंध पुरा होत आला होता. पण बिस्मार्कच्या राज्यात समाजवाद्यांवर कायद्याचा बडगा होता आणि हा तरुण समाजवादी पत्रात लिहीत होता. पोलिसांचा ससेमिरा लागला, तसा पदवी न घेताच तो झुरिकला निघून गेला. तिथून 1889 मध्ये, आगबोटीच्या स्वस्त वर्गातून, न्यूयॉर्कला.

बंदरावर उतरला तेव्हा खिशात पैसे नव्हते, इंग्रजी धड येत नव्हतं, थंडीनं चेहरा सुजलेला होता. वर ते पोक. अधिकारी त्याला परत पाठवण्याच्या बेतात होते. तेव्हा बरोबरचा मित्र ऑस्कर आस्मुसेन पुढे झाला. माझ्याजवळचे पैसे आम्हा दोघांचे आहेत आणि याची जबाबदारी माझी, असं त्यानं सांगितलं, म्हणून सुटका झाली.

या प्रसंगापाशी मी दर वेळी थांबतो. भिवंडी हे बाहेरून आलेल्यांच्या हातांवर चालणारं गाव. आमच्या मानकोलीच्या गोदामांपुढेही 'हा आपला माणूस आहे' असं सांगणारा कोणी असला, तरच नव्या पोराला आत घेतात.

त्याला नोकरी दिली तीही एका निर्वासितानंच. 1848 ची क्रांती फसल्यावर जर्मनीतून आलेले रुडॉल्फ आइकमायर हे योंकर्स गावात टोप्या बनवण्याची यंत्रं आणि विजेच्या मोटारी तयार करत. आठवड्याला 12 डॉलरवर त्यांनी या गणितज्ञाला ड्राफ्ट्समन म्हणून ठेवलं. इंजिनीअर झाला तो तिथं.

तेव्हा अडचण अशी होती, की मोटार बांधून, चालवून, ती तापली की मगच कळायचं, घडण चुकली. आपल्याकडे येणारी वीज सेकंदाला 50 आवर्तनं करते आणि तितक्याच वेळा लोखंडातलं चुंबकत्व एका बाजूनं दुसऱ्या बाजूला उलटून परत येतं. प्रत्येक उलटण्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. स्टाइनमेट्झनं निरनिराळ्या लोखंडांची मोजमापं घेऊन नियम काढला : चुंबकत्वाची घनता दुप्पट केली, तर हे नुकसान दुप्पट नव्हे, सुमारे तिप्पट होतं. जानेवारी 1892 मध्ये त्यानं तो मांडला, तेव्हा तो 26 वर्षांचा होता. आता मोटार बांधण्याआधी कागदावर तिचं तापणं काढता येऊ लागलं. पुढच्याच वर्षी त्यानं वजा एकचं वर्गमूळ वापरून प्रत्यावर्ती विजेची किचकट गणितं साध्या बीजगणितात आणली. आजही डिप्लोमाची मुलं तीच रीत घोकतात.

आइकमायरांचा कारखाना जनरल इलेक्ट्रिकनं घेतला आणि स्टाइनमेट्झ स्केनेक्टडीला आला, तो कायमचा. समाजवाद त्यानं सोडला नाही. शहराच्या शिक्षण मंडळाचा अध्यक्ष झाल्यावर बाहेरदेशांतून आलेल्यांच्या मुलांसाठी त्यानं खास वर्ग काढले. 1920 मध्ये त्याच्या नदीकाठच्या झोपडीवर वीज पडून आरसा फुटला, तर त्यानं तुकडे न तुकडे जुळवून विजेची वाट शोधली! दोन वर्षांनी प्रयोगशाळेत कृत्रिम वीज पाडून दाखवली. पावसाळ्यात ट्रान्सफॉर्मर उडाला की मला तो आरसा आठवतो.

पोक पुढच्या पिढीत जाऊ नये म्हणून त्यानं लग्न केलं नाही. पण जोसेफ हेडन या सहकाऱ्याला मुलगा मानून, रीतसर दत्तक घेऊन, त्याच्या बायकोसह आपल्या घरात आणलं. तीन नातवंडांच्या त्या घरातच 26 ऑक्टोबर 1923 रोजी तो गेला.

आताच्या नव्या पत्र्यांना त्याचं सूत्र जसंच्या तसं लागू पडत नाही, त्यात दुरुस्त्या झाल्या आहेत. मी मात्र अजून प्रत्येक मोटार आधी रिकामी फिरवतो आणि तिच्या अंगाला हात लावून पाहतो.